माईच्या अंगणातून टब

"...विराजाक रक्त पडता, म्हणान नोकरी—" एवढंच ऐकलं मी, मामानू, विहिरीवर. मला बघून त्या दोघी शेजारणी कळशा उचलून निघाल्या. आता तुम्ही मुलीचे मामा, विजयदुर्गाहून आलात शेजाऱ्यांकडे विराजची चौकशी करायला, मग मी लपवू कशाला? बसा ना! खुर्ची आहे, उभे कित्याक? नको? बरं.

विराज तसा चांगला हो — पण त्याच्या आईचं, या शेजारच्या माईचं ऐका. चार वर्षांपूर्वी रेडीची माणसं अशीच आली होती, माझ्या लेकीची, गौरजाची चौकशी करायला, तिथे, माईच्या ओटीवर. आणि माई काय म्हणाली? "चेडवाक रक्त पडता, कायतरी मोठा आसतला." मोठं कसलं? फिशर! तिथली कातडी चिरते, संडासला बसलं की काच गेल्यासारखं दुखतं. पोर लाजून दोन महिने बोलली नाही — दुखतं म्हणून जायचं टाळायची, मग आणखी घट्ट, आणखी चीर. शेवटी डॉक्टरणीने मलम दिलं, पालेभाजी नि पाणी वाढवायला सांगितलं, तिखट बंद — आणि सकाळ-संध्याकाळ टबात कोमट पाणी घेऊन बसायचं. तो टब माईने कुंपणावरून बघितला! पोर बरी झाली, पण स्थळ मोडलं ते मोडलंच. अजून घरीच आहे. मी तेव्हाच मनात म्हटलं, माई, तुझ्या दारातही माणसं येतील, आणि वाट माझ्याच खळ्यातून, या अंगणातून आहे.

तर ऐका, विराजला मूळव्याध आहे, नोकरीही त्यापायीच सुटली — काय? मुलीला माहीत आहे? त्यानेच सांगितलं, पहिल्याच भेटीत? मूळव्याध खरी, पण औषधाने बरी आहे... आणि नोकरी सुटली नाही, नुसता रजेवर आलाय?

मग माका विचारूक कित्याक इलात?

विराजने पाठवलं? गौरजाच्या आईला विचारा म्हणून?

अगो बाई. म्हणून बसत नाही होय तुम्ही!

तुम्हाला रक्त किती दिवस पडतंय? तीन महिने? आणि मूळव्याधच म्हणून स्वतःच ठरवलंत? आधी डॉक्टर, मामानू. गौरजाची डॉक्टरीण कट्टा गावात बसते, आजच जा. आणि हा टब न्या. पाणी कोमट, कडत नको, दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पिशवी? पिशवी नाही मिळणार. असाच हातात धरायचा, आणि रस्त्याने नाही, माईच्या अंगणातून जायचं. ती ओटीवरच असेल. टब कोणाचो म्हणून विचारील —

गौरजाचो म्हणान सांगा तिका. जावा आता.