अप्पाच्या बाटलीतलं तेल

मी सोपान, धायरीचा, धायरी गाव व्हतं तवाचा. वडील लग्नात सनई वाजवायचे, तवा फुंकायचं आमच्या रक्तातच म्हना, आनि विसाव्या वर्षी बिबवेवाडीत अप्पाच्या बँडमधी ट्रंपेट धरला तो तीस वर्षं सोडला नाय. कोथरूडच्या सोसायटीतली शिकलेली मानसं बी ग्यालरीत यायची माझा वरचा सूर ऐकाया, काय सांगू तुम्हाला, एका दमात अख्खं कडवं काढायचो.

आता ट्रंपेटची ती तीन बटनं, ती अडकली की सूर मेला. बटन खोलून, पुसून, थेंबभर तेल लावायचं ही खरी रीत. पन वरातीत कोन खोलतंय? नवरदेवाचे मित्र नाचत्यात, अप्पा मागनं वरडतोय थांबू नका रे, मग आमी तोंडाकडच्या नळीतच तेलाची धार सोडायची, फुंकायचं, आनि ओठ न काढता तिथूनच दम घ्यायचा. समदेच तसं करायचे. अप्पानंच शिकवलं. आनि तेल तरी कसलं, शिलाई मशीनचं तेल आनि रॉकेल, अप्पा घरी कालवून आनायचा. मी म्हनलं, अप्पा, घशात जळजळतंय. तर म्हनला, विडी कमी कर. अहो, मी जन्मात विडी ओढली नाय!

मग धाप लागाया लागली. जिन्यात बायको, शालन, वर पोचलेली आनि मी मधल्या पायरीवर बसलेला. दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डॉक्टरीनबाईंनी इचारलं काम काय करता, मी ट्रंपेटच नेऊन दाखवला, त्यांनी नळीला नाक लावलं आनि झटक्यात मागं झाल्या. म्हनल्या, काका, हे तेल श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसात बसलंय, गेलेला दम परत यायचा नाय, आता फुंकायचं बंद.

ते बी सोसलं असतं. पन बाजा परत द्याया बँडच्या दुकानात गेलो तर अप्पाच्या सोताच्या ट्रंपेटची पेटी उघडी, त्यात बटनांच्या खास विलायती तेलाची बाटली, वर चिठ्ठी, कोनी हात लावू नये. म्हंजे त्याला ठावं व्हतं. समदं ठावं व्हतं!

भांडलो नाय. त्याची रॉकेलची बाटली खिशात घातली, बाजा परत काखेत मारला, आनि लग्नसराईच्या आधी वाजवनारे जिथं जिथं तालमीला बसत्यात तिथं गेलो, धापा टाकत. आधी बाटली हुंगाया द्यायची. मग म्हनायचं, आता माझा दम ऐका, आनि एकदाच फुंकायचो. नुसती फुसफूस. दुसरं काय सांगावं लागलं नाय. बटन खोलून तेल कसं लावायचं ते मातर दाखवून यायचो.

यंदा अप्पाकडं लाल कोट हायती, बाजे हायती, फुंकाया मानूस नाय. परवा दारात आला, सोपान, चुकलं, वाजवनाऱ्यांना सांग की रे, परत या म्हनून. मी म्हनलं, बसा अप्पा, आनि तीच बाटली पुढं ठेवली. ही नळीत सोडून एक कडवं वाजवा, मग सांगतो. त्यानं बाटली माझ्याकडंच सरकवली. शालन म्हनली, जाऊ द्या हो, म्हातारा मानूस. मी नाय जाऊ दिलं. चहा दिला, माफी नाय दिली.

देव त्याला शंभर वर्षं देवो, छाती धडधाकट ठेवो, कान शाबूत ठेवो. दुसऱ्या बँडच्या वराती त्याच्या दुकानावरनं जाव्यात आनि त्यानं दारात बसून ऐकाव्यात. मी बी खिडकीतनं ऐकतोच की.