वाचणाऱ्याच्या रकान्यातला शिक्का

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या छापखान्याचे मालक. व्यासपीठावर बसलेले आमचे व्यवस्थापक साहेब. औषध कारखान्याकडून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे. जुळणी, मशीन आणि बाइंडिंगमधले माझे सहकारी. आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या वाचकबाई, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी भाषण लिहून आणलं आहे, कारण न लिहिता बोललो की माझं वाक्य भलतीकडेच जातं.

आत्ताच आपण मानपत्र ऐकलं. त्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून, संगणकाने वाचलेलं. स्वच्छ, एका सुरात, कुठेही आवंढा न गिळता. टाळ्याही झाल्या. मला एवढंच विचारायचं आहे, की ज्या बाईंनी एकतीस वर्षं या छापखान्यात मोठ्याने वाचण्याचं काम केलं, त्यांचं मानपत्र यंत्राकडून वाचून घ्यायचं, हे कोणाला सुचलं? या सभागृहात साठ माणसं बसली आहेत. एकालाही वाचता येत नव्हतं?

माफ करा. हे कागदावर नव्हतं.

पाहुण्यांना आमचं काम ठाऊक नसेल म्हणून सांगतो. मजकुराची जुळणी झाली, म्हणजे तो टाइप होऊन पानात बसला, की तपासणीसाठी त्याचं प्रूफ निघतं. टेबलाच्या एका बाजूला बाई बसायच्या, हातात गिऱ्हाइकाने दिलेला मूळ कागद. समोर मी, माझ्या हातात प्रूफ. त्या मोठ्याने वाचायच्या, मी ओळीखाली पट्टी धरून पाहायचो. स्वल्पविरामाला त्या बोटाने टेबलावर एकदा टकटक करायच्या, पूर्णविरामाला दोनदा. ऐकलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही, की मी म्हणायचं, "थांबा." मग लाल शाईने दुरुस्ती. शेवटी कामाच्या चिठ्ठीवर दोन रकाने, 'वाचणारा' आणि 'पाहणारा'. पहिल्यात बाईंचा शिक्का, दुसऱ्यात माझी सही.

माझा पहिला दिवस मला आठवतो. बाईंनी विचारलं, "शिक्षण किती?"

"नववी. नापास."

"आणि शुद्धलेखन?"

"ते बरं आहे."

"बघू या. बऱ्याचदा सांगणाऱ्यालाच ते बरं वाटतं."

तासाभर त्या वाचत होत्या, मी पाहत होतो. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बाराव्या ओळीला मी मुद्दाम चुकीचं वाचलं. तू गप्प का?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुमचं कसं चुकेल?"

अशा भडकल्या! "माझ्यावर विश्वास ठेवायला तुला इथं बसवलेलं नाही, बाळा. कागदावर ठेव. माझं चुकलं तर मला थांबव. मालकांचं चुकलं तर त्यांना थांबव."

हसा, हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

गेल्या वर्षी संगणकात ते वाचून दाखवणारं साधन आलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या मावशीला दिसत नाही. आलेली पत्रं तिला तेच वाचून दाखवतं, आणि आता पत्रासाठी तिला शेजाऱ्यांची वाट पाहावी लागत नाही. यंत्राचा गुन्हा नाही. साहेब आम्हाला म्हणाले, "बाईंच्या तिप्पट वेगाने वाचतं, आणि चहालाही उठत नाही."

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, ते वाचणार कशातून?"

"संगणकातून, बाई! आणखी कशातून?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी बाईंना बाइंडिंगमध्ये कागद मोजायला पाठवलं. त्यांचा शिक्का मात्र माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

सहा महिन्यांपूर्वी एका औषधाचं पत्रक आलं. सांधेदुखीच्या दोन गोळ्या होत्या. पहिली, रोज एक. दुसरी, आठवड्यातून एक. जुळणी करणाऱ्याची नजर वरच्या ओळीवर गेली आणि 'रोज एक' दोनदा पडलं. होतं असं. अशा चुका पकडायलाच तर आमचं टेबल आहे. मी संगणकाला वाचायला लावलं. त्याने वाचलं कशातून? त्याच जुळणीतून. माझ्या हातातलं प्रूफ कशाचं? त्याच जुळणीचं. कानाने ऐकलं 'रोज एक', डोळ्यांनी पाहिलं 'रोज एक'. जुळलं! आरोपी तोच, साक्षीदारही तोच, आणि मूळ कागद टेबलावर पालथा पडलेला. बाईंच्या त्या प्रश्नाला आपण हसलो होतो ना? त्याचं उत्तर हे होतं.

एका म्हाताऱ्या सुताराने ती दुसरी गोळी सहा दिवस रोज घेतली. सातव्या दिवशी तोंडातल्या फोडांनी त्याला पाणीही गिळवेना. त्याची सून पत्रक घेऊन डॉक्टरांकडे धावली म्हणून तो आज जिवंत आहे. माझ्या पट्टीमुळे नाही.

पुढचं मी सावकाश वाचतो.

त्या चिठ्ठीवर 'वाचणारा' या रकान्यात काय लिहावं, ते मला कळेना. मी साहेबांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "बाईंचाच शिक्का मार. रकाना रिकामा दिसायला नको." तो शिक्का मी मारला. या हाताने. बाई तेव्हा दोन मजले खाली कागद मोजत होत्या. त्यांनी ते पत्रक डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

चूक उघडकीला आली, आणि आठवड्याने मेमो आला, बाईंच्या नावाने. त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला, स्वल्पविरामाला एकदा, पूर्णविरामाला दोनदा टकटक करत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "छापलाय मात्र झकास." मी रडायला लागलो. त्या म्हणाल्या, "गप्प बस. माझे चारच महिने राहिलेत. तुला इथं तीस वर्षं काढायची आहेत."

आणि मी गप्प बसलो. चार महिने! स्वल्पविराम राहिला तर ज्याला झोप येत नाही, तो मी.

साहेब, बसा. माझी पाच मिनिटं झालेली नाहीत, घड्याळ समोरच आहे.

आज माझ्याकडे दोन कागद आहेत. मानपत्र म्हणतं, "एकतीस वर्षांत बाईंच्या वाचनातून एकही चूक निसटली नाही." मेमो म्हणतो, "आपल्या वाचनातील निष्काळजीपणामुळे गंभीर चूक घडली." मानपत्र बाई घरी नेणार. मेमो इथे त्यांच्या फाइलीत राहणार, आणि उद्या कोणी विचारलं तर तोच दाखवला जाणार. दोन्हींच्या खाली सही एकच आहे, साहेब. तुमची. इतक्या माणसांनी मानपत्र ऐकलं, पण दुसरा कागद समोर धरून कोणी ऐकलं? मी धरला होता. हे जुळत नाही.

थांबा.

मी माझ्यापुरती दुरुस्ती केली आहे. कामाच्या त्या चिठ्ठीवरचा बाईंचा शिक्का लाल शाईने खोडला, 'वाचणारा' या रकान्यात 'संगणक' लिहिलं, आणि बाजूला 'खोटा शिक्का मी मारला' असं लिहून सही केली. त्यासाठी जो मेमो निघेल तो माझ्या नावाने निघू द्या. निदान तो तरी बिनचूक असेल. आता बाईंच्या मेमोवर 'रद्द' हा एकच शब्द लिहायचा राहिला आहे, आणि तो मालकांनीच लिहायला हवा.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं त्याबद्दल तुमचेही मनापासून आभार. बाई, तुम्ही गप्प बसायला सांगितलं होतं, ते मी मोडलं. तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं त्याप्रमाणे मोडलं. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सर्वांनी क्षमा करावी. कागदावर जे झालं आहे त्याला मात्र क्षमा नको, दुरुस्ती हवी. मेमो आणि लाल पेन मी मालकांपुढे ठेवतो आहे.

टोपण काढलेलं आहे.