वाढपी सोडून सगळं हाय

...आणि वर मलाच विचारतात, "नरहरीशेठ, जिलेबी संपली कशी?" अहो, संपली कशी म्हणजे? तुमीच संपवलीत ना! तुमाला सांगतो, या पालघरात मी इतकी वर्षं लग्नाची जेवणं घालतोय, पण भर पंगतीत गोड संपलं असं कधी झालं नाय. यंदा मात्र... आचारी हाय, भांडी हाय, वालाचं बिरडं रटरटतंय, वाढायला माणूस नाय!

माझे वाढपी म्हणजे बोईसरच्या कारखान्यातली बिहारी पोरं. सुट्टीला माझा पांढरा शर्ट घालायचा आणि लग्नात वाढायचं. त्यांचा म्होरक्या रामसूरत. बहिणीच्या लग्नाला गावी गेला तो खोलीतली सगळी पोरंच घेऊन गेला! फोन केला तर म्हणतो, "बस आठ दिन, सेठजी." ते आठ दिवस अजून चालूच हायत! कारखानदार रडतात, मशीन बंद पडली म्हणून. अहो, मशीन थांबते तरी, मुहूर्त थांबतो का?

म्हटलं, आपली माणसं बघू. स्कूटर काढली, मनोरच्या पुढं, पूर्वी माझ्याकडं वाढायला यायचा त्या भिकाच्या पाड्यावर गेलो. त्याची बायको पारू दारातूनच म्हणते, "तो नाय. वसईला गेला कामाला. पाड्यात बाप्या म्हणून नाय एक." म्हणजे बघा, बिहारचा इथं येतो, इथला वसईला जातो, आणि मी उन्हात स्कूटरवर! रस्ता हाय, पेट्रोल हाय, माणूस नाय!

लग्न एडवण गावातलं. मुलीचे वडील कमलाकांतकाका, माझ्या बापापासूनचं गिऱ्हाईक. "नरहरी, पंगतीचं हसं झालं तर गावात तोंड दाखवायला जागा नाय." अहो, मला तरी कुठं हाय? शेवटी हात जोडले. "काका, वाढायला घरचीच माणसं घ्या ना, पूर्वीसारखी." म्हातारा असला खूश! काका, मामा, आत्या, सगळे कमरेला टॉवेल बांधून उभे. मला वाटलं, सुटलो!

सुटतोय कसला! माझा सगळा अंदाज रामसूरतच्या हाताचा हो! तो दोन जिलेब्या टाकतो आणि पुढं सरकतो, पाहुण्याच्या तोंडाकडं बघतसुद्धा नाय. आणि हे घरचे? एक जण बहिणीला म्हणतो, "घे गं जयवंती! माझी शपथ हाय! लहानपणी कशी खायचीस!" ती पानावर हात आडवा धरते, हा हातावरच जिलेबी ठेवतो! पलीकडून नवऱ्यामुलाचे मामा फुगले, "आमच्या ओळीला आग्रह नाय वाटतं?" झालं... मग तिकडं डबल आग्रह! दुसरी पंगत बसली आणि परात रिकामी. जिलेबीचं पीठ आदल्या दिवशी भिजवतात, आता कुठून आणू? घाईघाईनं शिरा केला. जिलेबीच्या लग्नात शिरा! लाज वाटली हो... खरंच वाटली.

पंगती उठल्या आणि टॉवेल बांधलेले सगळे गायब! घासणी हाय, राख हाय, माणूस नाय! मी आणि बायको बसलो पातेली घासत. तेवढ्यात रामसूरतचा व्हिडिओ कॉल. मागं मांडव, आणि याच्या हातात भाजीची बादली!

"अरे, तू दुल्हन का भाई, तू क्यों परोसता है?"

"क्या करें, सेठजी? गाँव के लड़के सब सूरत-पंजाब कमाने गए हैं. आदमी ही नहीं है!"

"और मेरे वाढपी?"

त्यानं फोन फिरवला. माझे पांढरे शर्ट ओळीनं बसून जेवत होते! "ये तो मेहमान हैं, सेठजी!"

म्हटलं, "जिलेबी संभालके रे, घरवालों के हाथ में मत देना."

"वो तो कब की खतम, सेठजी!"

...चला, निदान तिथं तरी मला कोण विचारणार नाय.