आई पोचली म्हणे

बसस्थानकात चौकशीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बहीणभाऊ उभे होते.

"दादा, मावशी म्हणते आई आलीच नाही. जगाची इंटरनेटची यंत्रं जोडत फिरतोस, आणि आपल्या आईचा पत्ता नाही!"

"अगं, निरोप पुढे धाडताना ती यंत्रं तरी कुठे स्वतः रस्ता बघतात? शेजारचं यंत्र म्हणतं, 'माझ्याकडून जवळ पडेल', की धरला तोच रस्ता."

"आणि पुढे रस्ता तुटला असेल तर?"

"तर कधी कधी एकमेकांच्या भरवशावर राहतात. निरोप त्यांच्यातच गरगर फिरत बसतो."

"पण आई पोचली, हे सकाळी तूच छातीठोकपणे सांगितलंस ना?"

"मला आपल्या धाकट्यानं सांगितलं."

"त्याला तर मी सांगितलं होतं!"

"आणि तुला?"

"काल संध्याकाळी तूच."

"मी... मी नुसता बसच्या वेळेवरून अंदाज बांधला होता गं."