साठ्यांच्या घराचा पत्ता

बदामांचं काय घेऊन बसलात! स्मरणशक्तीचा विषय निघाला की मला ठाण्याचे साठे आठवतात. पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट असेल. मी लग्न होऊन ठाण्यात नवीनच आले होते. बाजारातून परतताना तलावपाळीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थांबवलं.

"मुली, साठ्यांचं घर कुठे गं?"

मला कुठलं ठाऊक! म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अहो वहिनी, साठे हेच की! मागच्या आळीत राहतात."

स्वतःचं घर विसरलेला माणूस! मी त्यांचा हात धरला आणि हळूहळू घरापर्यंत नेलं. वाटेत त्यांनी आपल्या वारलेल्या बायकोबद्दल इतकं बारकाईनं सांगितलं, की मी चक्रावलेच. दाराशी त्यांनी खिशातून किल्ली काढून कुलूप सहज उघडलं.

"आजोबा, म्हणजे तुम्हाला घर माहीत होतं?"

"होतं गं," ते खाली बघत म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी डोकं शाबूत ठेवायचं तर रोज चाला आणि रोज माणसांशी बोला. चालणं एकट्याला जमतं."

मी पिशवी ठेवून पायरीवर टेकले. तेही बसले. पण बोलायला माणूस मिळालं, तर त्यांना विषयच सुचेना. मग माझ्या पिशवीकडे बघत ते हळूच म्हणाले, "मेथी कशी दिली?"