सीटखालची पट्टी

मी मूळची वर्ध्याची, सायकलसुद्धा उताराला हातात धरून नेणारी अशी भित्री, आणि काय सांगू तुम्हाला, लग्न होऊन आले ती या डेट्रॉइटजवळच्या गावात, जिथं गाडीशिवाय दूधही मिळत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा हे म्हणाले, आता शिक ड्रायव्हिंग, मी किती दिवस सोडत राहू. शिकले बाप्पा, पण भीती काही गेली नाही, अजून गेलेली नाही.

गाडी घेतली ती शेजारच्या वॉल्टरकाकांची जुनी. एकटेच राहायचे, पूर्वी मोटारींच्या कंपनीत ड्रॉइंग काढायचे, आणि ही गाडी त्यांच्याच टेबलावर जन्मलेली. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या साध्या घरांसाठी होती म्हणे. पण महागड्या गाडीला मागे शोभेचे पत्र्याचे पंख आहेत तसे हिलाही पाहिजेत असं वरचे साहेब म्हणाले, मग पंखांचा खर्च भरून काढायला आतलं एकेक कमी करत गेले, गालिचा गेला, गुळगुळीत रबर आलं, डॅशबोर्ड नुसता पत्र्याचा, सीटला बांधायचे पट्टे तर नाहीतच. म्हणजे बाहेरून नवरी आणि आतून लंकेची पार्वती.

दसऱ्याला सासूबाई इथंच होत्या. त्यांनी गाडीची पूजा केली, चाकाखाली लिंबं ठेवली, एक नारळ फोडला, आणि मला न सांगता दुसरा अख्खा नारळ ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवला, सुनेला राखण म्हणून.

दुसऱ्या दिवशी मीनूला, माझ्या मुलीला, शेजारी बसवून निघाले. उतार लागला, खाली रेल्वेचं फाटक पडत होतं, ब्रेकवर पाय दिला तर ब्रेक खाली जाईचना, दगडावर पाय द्यावा तसा. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, गाडी आपली वेगच घेते. मीनू म्हणते, मॉमी, स्लो डाउन. एका हातानं पोरीला सीटशी दाबून धरलं, स्टिअरिंग सोडलं, आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेकची मूठ जिवाच्या आकांतानं ओढली. फाटकाच्या दांड्याला टेकून थांबलो. समोरून मालगाडी चाललेली, डबे संपेचनात. वाकून बघते तर ब्रेकखाली नारळ, कुंकू लावलेला, सीटखालून घरंगळत आलेला.

सासूबाई म्हणाल्या, बघ, नारळ होता म्हणून वाचलात. मी वाद नाही घातला, घालून काय होणार. वॉल्टरकाका मात्र ऐकून पांढरेफटक पडले. म्हणाले, ड्रॉइंगमध्ये सीटखाली मी एक उंच आडवी पट्टी दाखवली होती, माझ्या मुलाचा चेंडू एकदा असाच माझ्या पायाखाली आला होता म्हणून. तीही खर्चापायी खोडली साहेबांनी. त्याच दिवशी गुडघे टेकून त्यांनी तिथं लाकडाची पट्टी ठोकली.

आता काका नाहीत, जिथं असतील तिथं सुखी असोत. गाडीला मागाहून पट्टे बसवले. मीनू पंधराची झाली, याच गाडीवर शिकायचं म्हणते. मी सांगितलंय, देवाला नमस्कार मग कर, आधी सीटखाली हात घालून पट्टी चाचप. ओ आई, प्लीज, म्हणते, पण चाचपते. मग मी शेजारी बसते, आणि ते फाटक मागे पडेपर्यंत माझा हात तिच्यापुढे आडवा असतो.