तीन मुकादम

—ते होईल हो, आधी एक सांगा, माणसाने विश्वास ठेवावा कुणावर? शिकलेल्यांवर की स्वतःच्या नजरेवर? हसू नका, खरंच विचारतोय. नळ-पाइपांच्या धंद्यात मी उभा राहिलो तो नजरेवर — पाइप हातात घेतला की जाडी सांगतो. एकदा एकजण मोजपट्टी घेऊन आला माझी परीक्षा बघायला — मोजपट्टीच खोटी निघाली! असो. तुमचं चालू द्या, इंजिनियरसाहेब. नवं नेटवर्क आखताय ना? माझ्या भाचीनेही इथूनच सुरुवात केली होती, याच टेबलावर. म्हणायची, मामा, क्लाउडमध्ये आपण भाड्याने जागा घेतोय — आधी कुंपण, मग दारं, मग कुणाला कुठलं दार उघडेल ते ठरवायचं, आणि मग यंत्रं. सगळ्या दुकानांच्या ऑर्डरी त्या यंत्रांवरच्या कंटेनरांत. मी म्हटलं, कंटेनर आपल्या गोदामातही येतात की! हसली, पण समजावून सांगितलं — हा कंटेनर म्हणजे एकेका कामाच्या प्रोग्रामचा बंद खोका.

आणि शेवटी काय? सगळं ठप्प झालं, ऑर्डरी अडकल्या. बोलावंच लागलं तिला — सगळ्या माणसांदेखत बोललो, घालवून दिली. आता तुम्हीच सांगा, तीन-तीन यंत्रं नुसती देखरेखीला! काम काडीचं नाही, भाडं पुरेपूर. माझ्या गोदामात सगळ्या हमालांवर मुकादम एकच, आणि तोही अर्धा वेळ पेंगतो. मग दोन काढली तर बिघडतं कुठे—

काय? दोन? तुम्हीच म्हणालात ना दोन? नाही? तुम्ही नुसतं 'बंद पडलं' म्हणालात. बरोबर.

…ती जेवायला गेली होती. किल्ली, म्हणजे पासवर्ड, मी आधीच मागून घेतलेली — मालक मी, सगळी दारं मला उघडलीच पाहिजेत, हा हट्ट. ती दोन यंत्रं नुसती बंद केली असती तर परत चालू करता आली असती. मी पुसूनच टाकली. काही झालं नाही लगेच, चालू होतं ते चालत राहिलं — मनात म्हटलं, बघ, शहाणा कोण! मग एक कंटेनर पडला, आणि त्याला उठवायचा हुकूम द्यायला कुणी नाही. तिसरा मुकादम एकटा — तिघांतल्या दोघांचं एकमत झाल्याशिवाय तो काही ठरवतच नाही. हे तिने सांगितलं होतं मला, सुरुवातीलाच. मी मान डोलावली होती, कळल्यासारखी.

कुणी केलं ते तिला ठाऊक नसेल? होतं. मामाकडे नुसतं बघितलं, डबा उचलला, गेली. बहीण माझा फोन घेत नाही. आणि आज तिला जिथे नोकरी लागायचीय तिथून विचारणा आली — तुमच्याकडे नक्की काय झालं होतं? तेव्हा तरी मी खरं सांगायचं! तर म्हटलं, आमचे इंजिनियर तपासतायत, ते कळवतील. म्हणजे तुमच्यावर ढकललं.

माझ्याकडे बघू नका, स्क्रीनकडे बघा. या वेळी किल्ली मला देऊ नका, मागितली तरी. आणि त्यांना कळवाल तेव्हा हिशोब चोख मांडा — तिचं ते तिच्या बाजूला, माझं ते माझ्या. मला वाचून दाखवू नका.